जपानी सुनेची गाळलेली पानं

ड्रेस्डेनमधल्या कुठल्याही बऱ्यापैकी पुस्तकांच्या दुकानात हल्ली जपानी कादंबऱ्यांचं वेगळं टेबल असतं. मुखपृष्ठावर बहुधा मांजर, नाहीतर कॉफीचा कप, नाहीतर उंच इमारतीतली एकच उजळलेली खिडकी. आणि मागच्या बाजूला, पुस्तक कुणाचंही असो, एक वाक्य ठरलेलं: परंपरा आणि आधुनिकता यांच्या कात्रीत सापडलेला माणूस. हे वाक्य दिसलं की माझं डोकं फिरतं. कात्री कसली? मी वाचलेल्या त्या कादंबऱ्यांत परंपरा आणि आधुनिकता दोघी एकाच दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि सकाळी बाथरूम कधी रिकामं होतंय याची वाट बघत असतात.

हे मी जरा अधिकाराने बोलते, कारण एका वर्षात मी अशा नऊ कादंबऱ्या वाचल्या. हौस म्हणून नव्हे. मी चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात टेस्ट इंजिनीअर आहे. तिथला सगळा कारभार इंग्रजीत चालतो, त्यामुळे आठ वर्षं राहूनही माझं जर्मन भाजीवाला आणि डॉक्टरची वेळ घेणं यापलीकडे गेलं नव्हतं. भाषा सुधारावी म्हणून मी आमच्या भागातल्या ग्रंथालयाच्या वाचनमंडळात नाव घातलं. महिन्यातून एका गुरुवारी, संध्याकाळी सहा वाजता, सहा-सात माणसं, बहुतेक निवृत्त. सगळ्यांत बोलक्या म्हणजे शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. त्या वर्षी मंडळाने ठरवलं होतं की फक्त आजचं जपान वाचायचं.

मला वाटलं, तलवारी असतील, फुलांनी लगडलेली झाडं असतील. निघालं भलतंच. ऑफिसातून सुटलेली बाई कोपऱ्यावरच्या दुकानातून तयार भाताचा डबा घेते, घरी येते, बूट काढून त्यांची टोकं दाराकडे करून ठेवते आणि एकटीच राहत असूनही ‘मी आले’ असं म्हणते. गावाकडची आई पार्सलने मुळे पाठवते, ते फ्रिजमध्ये मावत नाहीत आणि टाकवतही नाहीत. पूर्वजांची थडगी धुवायला जायचं असतं, नेमकी त्याच दिवशी साहेबाने मीटिंग ठेवलेली असते. कुणी बंड करत नाही, कुणी भाषण ठोकत नाही. बाई मीटिंगला जाते, आणि त्या दगडावर पाणी घातलं नाही ही रुखरुख तिला पुढची दीडशे पानं पुरते. शहरात आलं की माणूस जुनं सगळं सोडून देतो असं त्या लेखकांना वाटत नाही. त्यांच्या मते शहरात जुन्याला जागा कमी पडते, इतकंच. मग ते घडी घालून, कुठेतरी सरकवून ठेवावं लागतं, आणि कुठे सरकवलंय ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं.

आणखी एक गोष्ट. त्या पुस्तकांतली माणसं एकमेकांशी फार गोड बोलतात. राग आला की जास्तच गोड. इंग्रजीच्या बाई दर वेळी वैतागायच्या. “आल्झो, म्हणजे ही सरळ सांगत का नाही?” असं म्हणून पुस्तक टेबलावर आपटायच्या. मी गप्प बसायची. ती सरळ का सांगत नाही हे मला इतकं नीट कळत होतं की मला ते जर्मनमध्ये सांगता येत नव्हतं.

त्याच वर्षी मे महिन्यात सासरे आमच्याकडे आले. सासूबाईंना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. व्हिसा नव्वद दिवसांचा. बाबांनी पुण्यातल्या एका छापखान्यात चाळीस वर्षं प्रूफं तपासली, आणि आता तिथल्याच फ्लॅटमध्ये ते एकटे राहत होते. नवरा एकुलता एक. दर उन्हाळ्यात तीन महिने बाबांनी आमच्याकडे यावं असं आम्हा दोघांच्या मनात होतं. नवऱ्याला दम नव्हता, त्याने स्टेशनवरून घरी येतानाच विषय काढला.

“बघू,” बाबा म्हणाले. “हे नव्वद दिवस तर पार पडू देत.”

त्यांच्या ‘बघू’चा अर्थ मला लग्नापासून माहीत आहे. नाही म्हणायचं असलं की ते बघू म्हणतात.

पण मला ते यायला हवे होते. त्यात कर्तव्य होतंच, तरी नुसतं कर्तव्य नव्हतं. माझ्या सात वर्षांच्या मुलीला मराठी सगळं कळतं आणि ती उत्तर जर्मनमध्ये देते. आजोबांना जर्मन येत नाही हे लक्षात आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती त्यांच्याशी मोडकंतोडकं मराठी बोलायला लागली. शाळेतून आल्यावर तिचं “आजोबा, ऐक ना” सुरू झालं की स्वयंपाकघरात माझे हात थांबायचे. आणि दुसरं म्हणजे मला ते आवडतात. माझे वडील संतापी होते, घरात भांडी आपटायची. या माणसाने बारा वर्षांत मला कधी एक वाकडा शब्द ऐकवला नव्हता. मीही त्यांना ऐकवला नव्हता. आम्ही दोघं एकमेकांशी इतकं गोड बोलत आलो होतो की तिसऱ्याला मधुमेह व्हावा.

बाबांनी येताना सासूबाईंचा फ्रेम केलेला फोटो टॉवेलमध्ये गुंडाळून हातातल्या पिशवीतून आणला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी तो हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवला, त्याला चंदनाचा हार घातला, आणि रोज अंघोळ झाली की ते त्याच्यासमोर मिनिटभर हात जोडून उभे राहायचे. ते कपाट बरोबर माझ्या टेबलामागे. मी आठवड्यातून दोन दिवस घरून काम करते. पहिल्याच मीटिंगमध्ये स्क्रीनवर माझ्या खांद्यावरून सासूबाई बघत होत्या, हारासकट. एका सहकाऱ्याने विचारलं, ती कोण? मी सांगितलं, आणि पाच जणांनी एकापाठोपाठ एक दुःख व्यक्त केलं. पुढच्या मीटिंगमध्ये दुसऱ्या पाच जणांनी. तिसऱ्या वेळी, खरं सांगते, मला लाज वाटली. कशाची ते नीट सांगता येणार नाही, पण वाटली.

त्या संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, “अहो बाबा, आईंचा फोटो तुमच्या खोलीत ठेवू या का? तिथे उजेड छान येतो.”

“हो हो, छान कल्पना,” असं म्हणून त्यांनी स्वतःच फोटो उचलला.

बाबांची खोली म्हणजे एरवी मुलीची खोली. तिची एकुलती एक खिडकी उत्तरेला, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. भर दुपारी तिथे दिवा लावावा लागतो.

जूनमधल्या एका दुपारी मी बाल्कनीत बसून मंडळाचं पुस्तक वाचत होते. मंडळाची जूनमधली बैठक सुट्टीमुळे होणार नव्हती, म्हणून हे पुस्तक सावकाश वाचून जुलैत त्यावर बोलायचं ठरलं होतं. एका हातात पेन्सिल, शब्द पुटपुटत. बाबांनी विचारलं, “काय गं, काय आहे त्यात?” मी एक परिच्छेद जमेल तसा मराठीत सांगितला. ते म्हणाले, “पुढे?”

मग रोजचंच झालं. पाच वाजता चहा झाला की बाल्कनीत आम्ही दोघं, पायाशी मुलगी चित्रं रंगवत असायची. मी जर्मन वाक्य मनात वाचायची, अडखळत त्याचं मराठी करायची. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून, डोळे मिटून ऐकायचे. म्हणाले, छापखान्यात असंच असायचं. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफावर नजर ठेवायची. आपण दोन्ही कामं केली आहेत, पण ऐकण्याचं काम जास्त आवडायचं.

कादंबरी होती छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याची. समुद्रकाठच्या गावात त्याचं लहानसं दुकान होतं. बायको गेल्यावर मुलगा त्याला तोक्योत आपल्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन येतो. तिथे त्याला पहिलं काय दिसतं, तर वादळ येऊन गेल्यावर रस्त्याच्या कडेला पडलेल्या छत्र्या. पारदर्शक प्लास्टिकच्या, स्वस्तातल्या, एक काडी मोडली की टाकून दिलेल्या. म्हातारा रोज सकाळी फिरायला जातो आणि दोन-चार उचलून आणतो, गॅलरीत बसून नीट करतो, आणि खाली इमारतीच्या दारापाशी ठेवून देतो. कोण नेतं त्याला कळत नाही. पण पाऊस पडला की छत्र्या जातात, आणि काही परतही येतात.

बाबांना हा माणूस फारच पटला. “मुलाला आवडत नसणार ते,” ते म्हणाले. “दुसऱ्याचा कचरा घरात.” खरंच पुस्तकात मुलाला ते आवडत नव्हतं. बाबा कितीतरी वेळा पुढचं पान आधीच ओळखायचे. फिरायला गेले की मुलीला घेऊन कडेला पडलेल्या छत्र्या शोधायचे. ड्रेस्डेनचे लोक छत्र्या टाकत नाहीत, म्हणून दोघं नाराज होऊन परतायची. एकदा म्हणाले, “ह्या लेखकाला म्हातारी माणसं माहीत आहेत. म्हातारा माणूस घरात बसून काय करतो, तर आपण अजून कामाचे आहोत याचा पुरावा गोळा करतो.” हे ते हसत म्हणाले. माझ्या मात्र काळजाला लागलं, कारण त्या सकाळीच मी घासलेली भांडी त्यांनी पुन्हा घासली होती.

मी पुस्तकात त्यांच्यापुढे दहा-पंधरा पानं असायची. त्यामुळे सुनेचं प्रकरण येतंय हे मला आधी कळलं.

म्हाताऱ्याने गावाहून बायकोचा देव्हारा आणलेला असतो. जपानी घरांत गेलेल्या माणसांसाठी असं एक लाकडी कपाट असतं. आत फोटो, समोर भाताची वाटी, उदबत्ती. ते बैठकीच्या खोलीत ठेवलेलं असतं. सून घरून काम करते. एक दिवस ती सासऱ्यांना अतिशय आदबीने म्हणते, इथे धूळ फार बसते, आपण तो आत ठेवू या का? आणि तो भिंतीतल्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरच्या शेजारी जातो. म्हातारा म्हणतो, छान कल्पना.

मी ते पान दोनदा वाचलं. कुणीतरी खिडकीतून आमच्या घरात डोकावून लिहिल्यासारखं ते होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. हे मी बाबांना कोणत्या तोंडाने वाचून दाखवणार होते?

संध्याकाळी बाल्कनीत ते पान आलं. मी क्षणभरही थांबले नाही. म्हटलं, सून कामावरून येताना दर सोमवारी फुलं आणते, सासूच्या फोटोसमोर ठेवते, पाणी बदलते. पिवळी फुलं. सासरा दारातून बघतो, काही बोलत नाही, पण त्या दिवशी त्याला छान झोप लागते. एवढं सांगून मी तीन पानं उलटली आणि छत्र्यांवर आले.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. “चांगली आहे सून,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर सोमवार आला की ते म्हणायचे, आज ती फुलं आणणार. मी मान डोलवायची. एकदा सोमवारी मी खरंच दुकानातून पिवळी फुलं आणली आणि उत्तरेच्या त्या अंधाऱ्या खोलीत फोटोसमोर ठेवली. बाबा म्हणाले, “अगं, कशाला उगाच?” मला रडू आलं, ते मी स्वयंपाकघरात जाऊन आवरलं. माणूस खोटं बोलतो आणि मग त्या खोट्याला शोभेल असं वागायला धडपडतो, त्यातली मी होते.

जुलैतल्या त्या गुरुवारी, त्यांच्या परतीला दोन आठवडे राहिले असताना, बाबा म्हणाले, “मीही येऊ का तुझ्या मंडळात? पुस्तक तर मलाही माहीत आहे.” नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. सगळं जर्मनमध्ये चालेल, ते कंटाळतील, अर्ध्या तासात निघू, असा मी हिशेब केला. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं.

इंग्रजीच्या बाईंना त्यांना बघून कोण आनंद झाला. चर्चा थांबवून त्यांनी इंग्रजीत विचारलं, आमच्या पाहुण्यांना पुस्तक कसं वाटलं? बाबा चक्क उभे राहिले. सावकाश, एकेक शब्द निवडून, इंग्रजीत म्हणाले, “मला सून फार आवडली. ती दर सोमवारी फुलं आणते, ते विशेष.”

एका गृहस्थांनी पानं चाळायला सुरुवात केली. मी टेबलाखाली स्वतःचं मनगट घट्ट धरून बसले होते.

“फुलं?” बाई म्हणाल्या. “नाही, नाही. ती तर देव्हारा कपाटात ठेवते. व्हॅक्यूम क्लीनरजवळ. धूळ बसते म्हणून खोटं सांगते. तुम्हाला आठवत नाही?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “बरोबर,” ते म्हणाले. “माझं वय झालं. दोन पुस्तकांची गल्लत केली मी. माफ करा.” आणि ते खाली बसले.

ज्या माणसाला चाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातला स्वल्पविराम कुठल्या ओळीत चुकला होता ते आठवतं, त्याने परक्या माणसांसमोर, माझ्यासाठी, आपली आठवण गेली असं सांगितलं. पुढचा तासभर मंडळात काय बोलणं झालं ते मला सांगता येणार नाही. आता हे पुन्हा कधी येणार नाहीत एवढं एकच डोक्यात होतं. ‘बघू’चं ‘नाही’ आज मी स्वतःच्या हाताने पक्कं केलं होतं.

ट्राममध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. आमच्या आधीच्या थांब्याला बाबा उठले. “इथे उतरू. नदीकाठाने चालत जाऊ.” साडेसात वाजून गेले होते, ऊन अजून गवतावर होतं. एल्बेच्या काठावर एका बाकावर ते बसले, मला बसायला सांगितलं.

“रागावलीस का?” त्यांनी विचारलं.

“मी? बाबा, मी कशी रागावेन? तुम्हीच…”

“मला त्याच दिवशी कळलं होतं,” ते म्हणाले. “तू रोज अडखळत वाचतेस. शब्द शोधतेस, मागे जातेस. त्या दिवशी फुलांचं सगळं गडगड म्हणालीस. एकदाही थांबली नाहीस. मूळ समोर असलं की माणूस अडखळतो. मनातलं सांगताना नाही अडखळत.”

“मग तिथे का बोललात?”

“गाळलंय काय ते कळायला हवं होतं. तुला विचारलं असतं तर तू आणखी फुलं आणली असतीस.” ते जरा हसले. “त्या बाई एकदम सगळ्यांसमोर बोलतील असं वाटलं नव्हतं. ते माझं चुकलं. पुस्तक आहे ना पिशवीत? वाच आता. जे आहे ते.”

मी पुस्तक काढलं. धुळीचं कारण, आदबीचं बोलणं, भिंतीतलं कपाट, व्हॅक्यूम क्लीनर, सगळं वाचलं. बाबा नेहमीसारखे डोळे मिटून ऐकत होते. मग पुढचं आलं. म्हातारा रोज संध्याकाळी कपाटाचं दार वीतभर उघडतो आणि आत भाताची वाटी ठेवतो. दार तसंच राहू देतो. तो झोपला की सून ते लावून टाकते, कारण उदबत्तीच्या वासाने तिचं डोकं दुखतं. आणि पहाटे, तो उठायच्या आधी, ती पुन्हा येते आणि दार बरोबर वीतभर उघडून ठेवते. हे हिवाळाभर चालतं. दोघांपैकी कुणीही याबद्दल कधी बोलत नाही.

“ते दाराचं परत वाच,” बाबा म्हणाले. मी परत वाचलं.

“हे गाळलंस तू?”

“हो.”

“अगं, तुझ्या फुलांपेक्षा हे कितीतरी चांगलं होतं.”

होतंच. पहिल्या अर्ध्या पानाची मला इतकी भीती बसली होती की त्याच्या मागचं हेही मी त्याच झटक्यात उलटून टाकलं होतं. खरी सून वाईट होती, वैतागलेली होती, आणि पहाटे उठून दार उघडणारीही तीच होती. मी तिच्या जागी एक गोड बाई आणून बसवली, जिच्याशी कुणाचंच काही नातं नव्हतं.

बाबांनी आता डोळे उघडले. मग म्हणाले, “मी जड होतो का गं तुला?”

“नाही हो बाबा, काहीतरीच…”

त्यांनी हात वर केला. “तुझ्या घरी मला लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटतं. आग्रह आहे, वाढायला माणसं आहेत, काही कमी नाही. पण पंगतीत कुणी तीन महिने बसतं का? वाढणाराही दमतो आणि जेवणाराही. म्हणून तुम्ही पुढच्या वर्षीचं विचारलंत की मी बघू म्हणतो. आता खरं सांग.”

मी कधी कुठल्याही वडीलधाऱ्याशी जे बोलले नव्हते ते त्या बाकावर बोलले. म्हटलं, होता, कधीकधी जड होता. सकाळी सात वाजता मला ट्राम गाठायची असते आणि बरोबर पावणेसातला तुम्ही बाथरूममध्ये जाता. मी घासलेली भांडी पुन्हा घासता, तेव्हा मला शाळेत वही परत मिळाल्यासारखं वाटतं. आईंच्या फोटोची मला मीटिंगमध्ये लाज वाटली, आणि त्या लाजेची आणखी लाज वाटली. त्या खोलीत उजेड येत नाही, मला माहीत होतं. एवढं बोलून मी रडायला लागले. सायकलवरून जाणाऱ्या दोन बायका वळून बघत गेल्या.

बाबांनी रुमाल दिला. मग घसा खाकरून म्हणाले, “तुझ्या आमटीत मीठ नसतं. दिवसातून चार वेळा चहा घेणार का विचारतेस, ते हॉटेलातल्या माणसासारखं विचारतेस. एकदाच विचारावं. नाहीतर माझं मी करून घेईन, गॅस कसा लावायचा तेवढं दाखव.”

“गॅस नाही तो, बाबा. इंडक्शन आहे.”

“तेच ते. तुम्ही मला तीन महिने हातच लावू दिला नाहीत.”

मी रडता रडता हसले. मग मी म्हटलं, आजच फोटो हॉलमध्ये आणते. ते म्हणाले, नको. “तिला तुझ्या मीटिंगा झेपायच्या नाहीत, मध्येच बोलेल. स्वयंपाकघरात ठेव. तिथे तिला सगळं दिसेल, मीठसुद्धा.” आणि मग त्यांचाही आवाज हलला. तो रुमाल मी त्यांना परत दिला. सासूबाई गेल्यापासून त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. स्टेशनवर नाही, आठ महिन्यांच्या फोनवर नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बारा वर्षं मी त्यांना वाकून नमस्कार केला होता, पाठीवर हात कधी ठेवला नव्हता.

ऊन गवतावरून सरकून पलीकडच्या काठावर गेलं तेव्हा आम्ही उठलो. मला विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. शेवटी तेच चालता चालता म्हणाले, “पुढच्या वर्षी मे महिन्यात नको हं.”

मी चालायची थांबले.

“यंदा तुमच्यासाठी आंबे सोडून आलो,” ते म्हणाले. “बोललो नाही, पण जिवावर आलं होतं. पुढच्या वर्षीचं तिकीट जूनचं काढ.”

बारा वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती.